भीतीचा रकाना

पाटोदेकर सरांच्या वहीत सहा रकाने असत. वेळ, हवा, पाण्याची पातळी, पक्ष्याचं नाव आणि संख्या हे पाच. सहावा पानाच्या अगदी उजव्या कडेला, बोटभर रुंदीचा. त्याच्यावर मथळा होता: भीती.

ती वही पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला वाटलं, हा शास्त्रातलाच काही प्रकार असेल. माणूस किती जवळ आला की पक्षी भिऊन उडतात, तसलं काहीतरी. वाचून बघितलं तर तसं नव्हतं. 'तलावाच्या भिंतीवर कुत्री तीन. पांढऱ्याची जास्त.' 'बसचा ड्रायव्हर डुलक्या देत होता.' 'भिंतीतली भेग मागच्या महिन्यापेक्षा रुंद वाटते. मोजली नाही. जवळ जायला भ्यालो.' आणि एका पानावर नुसतं, 'आज काहीच नाही. म्हणून जास्त.'

मला हसू आलं. सरांनी ते पाहिलं, पण राग धरला नाही. म्हणाले, "हसा, सूर्यवंशी. वही तेवढी पाण्यात पाडू नका म्हणजे झालं."

मी तेव्हा लोह्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायला नवीनच लागलो होतो. माझं गाव चाकूर तालुक्यातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. विहिरीत वरून सूर मारून तळाची माती मुठीत आणायची, ही आमच्या गावातली मर्दुमकी, आणि त्यात मी पटाईत होतो. त्यामुळं भिणाऱ्या माणसाबद्दल माझं मत काही फार चांगलं नव्हतं.

आणि सर तर उघड भ्यायचे. बाकीची माणसं भीती झाकतात. सर ती आजच्या हवेसारखी सांगायचे. "आज मला जरा भीती वाटतेय," असं सकाळी स्टाफरूममध्ये येऊन म्हणायचे आणि छत्री कोपऱ्यात ठेवायचे. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं भरलेला, विभागप्रमुख माणूस. नांदेडहून एसटीनं रोज येणं-जाणं. बसायचे ते ड्रायव्हरच्या बरोब्बर मागच्या सीटवर. कारण विचारलं तर म्हणायचे, "ड्रायव्हर आधी स्वतःची बाजू वाचवतो. त्याच्या मागं बसलं की आपण फुकटात वाचतो." रस्ता ओलांडताना उजवीकडं, डावीकडं, परत उजवीकडं, आणि मग एकदा वर आभाळाकडं बघायचे. वर कशाला बघायचे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कुत्र्यांना ते अहो-जाहो करायचे. तलावाच्या भिंतीवर ती तीन कुत्री आडवी आली की सर हात जोडल्यासारखे करून उभे राहायचे. "तुम्ही बसा. आम्ही आपले कडेनं जातो. आमचं तुमच्याशी काही नाही." पोरं तोंडं दाबून हसायची. पण एक खरं, त्या कुत्र्यांनी सरांवर कधी भुंकलेलं मी ऐकलं नाही. मला मात्र एकदा पोटरीला धरलं.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सर गवळणवाडीच्या तलावावर पक्ष्यांची मोजणी करायचे. लोहा आणि कंधारच्या मधल्या माळात तो तलाव आहे. एका बाजूला मातीची भिंत, दुसऱ्या बाजूला ओढा येऊन मिळतो तिथं उथळ पाण्याचा फाटा. माझ्या आधी कित्येक वर्षं हे चालू होतं. एकही महिना खाडा नाही. लग्नसराई असो, निवडणुकीची ड्यूटी असो, सर दुसऱ्या रविवारी तिथं. मी गेलो ते बाकी कुणी जायला तयार नव्हतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर, विभागप्रमुख खूश राहिले तर पुढच्या वर्षीही तास मिळतील, हाही हिशेब मनात होता.

मोजणीचं सामान ठरलेलं. दुर्बीण, वही, गूळ-शेंगदाण्याची पुडी, वीत-वीत अंतरावर पांढरे पट्टे मारलेली नऊ फुटी वेळूची काठी, आणि गळ्यात दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी. तलावावर पोचलं की सर पहिल्यांदा घरी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, फोन लावायचे. एकच शब्द. "उतरतोय." मोजणी संपून वर रस्त्याला लागलं की दुसरा. "निघालो." मधले तीन-साडेतीन तास फोन बंद. वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, "दुसऱ्या रविवारी मी कुकर लावत नाही हो. शिट्टी झाली की छातीत धस्स होतं."

शिट्टीचा नियम सरांनी मला पहिल्याच दिवशी तीनदा म्हणून दाखवला आणि माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

"तीन शिट्ट्या झाल्या की काय करायचं?"

"पळायचं?"

"नाही! माणूस पळतो आणि तिथंच फसतो. तीन शिट्ट्या म्हणजे आहात तिथं थांबा. पुढं नाही, मागं नाही. पाय उचलला असेल तर उचललेला ठेवा. मग मी सांगेन."

कॉलेजातली पोरं या नियमाची लई टर उडवायची. मैदानावर कुणीतरी तीन शिट्ट्या मारायचं आणि सगळे पुतळ्यासारखे उभे राहायचे. सरही त्यांच्यात थांबायचे. मस्करी आहे हे माहीत असून. एकदा तर एक पाय पायरीवर आणि एक खाली, असे अर्धा मिनिट उभे होते. म्हणाले, "शरीराला खरं-खोटं कळत नाही. त्याला सवय तेवढी कळते."

दुसरा नियम पाण्याचा. पाण्याजवळ गेलं की दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. याला ते 'पाण्याला विचारणं' म्हणायचे. "आपल्याला पाण्यातलं काय दिसतंय? वरची कातडी. आत काय आहे ते पक्ष्यांना ठाऊक. टिबुकली बुडी मारून वर येतेय, शेकाट्या त्याच्या लांब पायांनी निवांत फिरतोय, तर पाणी ठीक आहे. आणि पक्षी असायला पाहिजेत तिथं नसले, पाणी रिकामं असलं, तर पाऊल टाकायचं नाही. कारण कळेपर्यंत नाही."

"सर, मला पोहता येतं."

"म्हणून तर तुमची काळजी. मला येत नाही, मी काठावरनंच परत जातो. बुडतात ते सगळे पोहणारे."

तिसरा नियम शून्याचा. एखाद्या भागात पक्षी दिसला नाही तर वहीत शून्य लिहायचं, हे कुणीही करेल. पण सर नुसतं शून्य चालवून घ्यायचे नाहीत. शून्यापुढं कारण पाहिजे. जाळी टाकलीत, म्हशी बसल्यात, ससाणा फिरतोय, काहीतरी. "शून्य ही सगळ्यात मोठी नोंद आहे, सूर्यवंशी. ते असं फुकट लिहायचं नाही."

एका भाद्रपदातली गंमत सांगतो. मोजणी आटोपून आम्ही माळावरून रस्त्याकडं निघालो होतो, आणि कंधारच्या अंगानं आभाळ काळं होऊन गडगडायला लागलं. समोर पन्नास पावलांवर लिंबाचं मोठं झाड. मी तिकडं धावलो, तर मागून तीन शिट्ट्या. सरांनी मला उघड्या रानात, सोयाबीनच्या कडेला उकिडवं बसवलं. स्वतःही बसले. "पाय जुळवा. टाचेला टाच. दोन पायांत अंतर नको. वीज जमिनीतनं येते ती एका पायानं वर चढते आणि दुसऱ्यानं उतरते. पाय जुळलेले असले की तिला वाट मिळत नाही."

डोक्यावर पाऊस, चिखलात उकिडवे बसलेले दोन मास्तर. बांधावरून एक शेतकरी पोतं डोक्यावर घेऊन चालला होता. थांबला. आमच्याकडं नीट बघून म्हणाला, "काय करून राहिलाव सर? पोट बिघडलं का दोघाचं बी?"

"वीज आहे हो! तुम्हीही बसा!" सर ओरडले.

"आता आमी बसलो तर बैलं कोन सोडायची?" म्हणून तो गेला.

वीज कुठंच पडली नाही. अर्ध्या तासानं आम्ही उठलो, माझ्या पायांना मुंग्या आलेल्या, पँटची वाट लागलेली. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "सर, काहीच झालं नाही."

ते खुदकन हसले. "तेच तर पाहिजे होतं."

मी त्यांना विचारलं होतं, सर, तुमच्या आयुष्यात असं काही झालं होतं का? कुणी बुडालं, कुणाला वीज लागली? एवढं भ्यायला काही कारण असेल. सरांनी दुर्बिणीची काच पुसत उत्तर दिलं, "काही झालं नाही. झाल्यावर भ्यायला शास्त्र कशाला पाहिजे?"

हे सगळं मी गावाकडं फोनवर मायला हसत-हसत सांगायचो. माय शाळेची पायरी न चढलेली. एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हसू नको बाबा. भ्यालेला मानूस सांजच्याला घरी येतो."

ज्या सकाळबद्दल मला सांगायचं आहे ती त्यानंतरच्या पौषातली. धुकं होतं. सूर्य वर आला होता, पण दुधात बुडवल्यासारखा. वेळ वाचावा म्हणून आम्ही भाग वाटून घेतले. सर भिंतीच्या बाजूला, मी ओढ्याच्या फाट्याकडं. फाटा म्हणजे मांडीभर पाणी, फार तर तीस-चाळीस पावलं रुंद. पलीकडं सर. फाट्याला वळसा घालून जायचं तर अर्धा तास चिखल तुडवावा लागतो.

फाट्यावर एक पक्षी नव्हता. एरवी तिथं शेकाट्यांची जत्रा असते, चिखलात वंचक बगळे मुनीसारखे बसलेले असतात, गवतातून जांभळ्या पाणकोंबड्या शेपट्या हलवत हिंडतात. त्या दिवशी काही नाही. पाणी काचेसारखं. टिटवीसुद्धा ओरडत नव्हती. मला आत कुठंतरी कसंतरी झालं, हे मी आज कबूल करतो. पण त्या वेळी मी काय केलं? वही उघडली, शून्य लिहिलं, कारणाच्या जागी 'धुकं' लिहिलं. धुक्यात पक्षी दिसत नाहीत. झालं. मोजायचं काम वाचलं. आता वळसा कोण घालतो? सरळ फाटा ओलांडून सरांकडं जावं म्हणून एका पायातला बूट काढला, पँट वर खोचली आणि काठच्या चिखलात पाय टाकला.

पायाला मुंग्या आल्या. थंडीनं असेल, असं वाटलं. मुंग्या गुडघ्यापर्यंत चढल्या.

तेवढ्यात तीन शिट्ट्या.

धुक्यातून सर दिसत नव्हते, नुसता आवाज. मी थांबलो, पण रागानं. मनात म्हटलं, झालं याचं सुरू. आणि मग सरांचा आवाज आला. तो आवाज मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. वर्गात मागच्या बाकापर्यंत ज्यांचं बोलणं पोचायचं नाही, ते सर पाण्यापलीकडून जीव खाऊन ओरडत होते.

"पुढं नाही! सूर्यवंशी, पुढं नाही! पाण्यात करंट आहे! पाय जुळवा! टाचेला टाच! उचलू नका पाय, सरकत मागं!"

माझा एक पाय चिखलात, एक कोरड्यात, आणि मधे हातभर अंतर. तो मागचा पाय पुढच्याला नेऊन चिकटवायचा, म्हणजे कोरड्यावरचा पाय ओल्यात घालायचा! सगळं अंग नको म्हणत होतं. अंगाला एकच माहीत होतं, उडी मारून पळ. पण पाय जुळवा हे शब्द कानांनी ओळखले. सोयाबीनची कड, चिखल, उकिडवे बसलेले आम्ही, सगळं एका क्षणात आठवलं. मी टाचेला टाच लावली आणि बोटा-बोटानं मागं सरकलो. किती वेळ लागला, सांगता येत नाही. कोरड्या दगडावर बसलो तेव्हा दात वाजत होते.

मग धुकं जरा हललं आणि मला दिसलं. माझ्यापासून दहा-बारा पावलांवर, पाण्याच्या कडेला, एक वंचक पंख पसरून पालथा पडला होता. त्याच्या आसपास पांढऱ्या पोटांचे मासे तरंगत होते. आणि ओढ्याच्या काठच्या मोटारीच्या पेटीतून निघालेली एक काळी वायर, बांबूच्या टोकाला बांधून, मासे मारायला पाण्यात सोडलेली. त्यांच्या बाजूनं धुकं क्षणभर फाटलं तेव्हा सरांनी तो बगळा दुर्बिणीतून चिखलात उतरताना आणि उतरल्या-उतरल्या कोसळताना पाहिला होता. त्यावरून त्यांनी सगळं ओळखलं.

बेशरमीच्या झुडपांमागून दोन माणसं उठली. एकाच्या हातात टोपलं, दुसरा तरणाबांड, गळ्याला मफलर गुंडाळलेला.

"काय मास्तर? पाखरं मोजायला आलाव ना? मोजा अन् जावा गुमान. बोंबा कशाला मारून राहिलाव?"

सर वळसा घालून, चिखलातून, काठी टेकत माझ्याकडं आले होते. अर्ध्या तासाची वाट त्यांनी किती वेळात तुडवली कोण जाणे. गुडघ्यापर्यंत माखलेले, धाप लागलेली. काठी हातात ठरत नव्हती. त्यांनी आधी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग त्या माणसांकडं वळले.

"मला फार भीती वाटतेय," सर म्हणाले. "पाण्याची वाटतेय, तुमचीसुद्धा वाटतेय. पण आता थोड्या वेळानं बाया धुणं घेऊन इथंच येतात. तुमच्या घरच्याही येत असतील. ती वायर तेवढी काढा. तुम्ही काढेपर्यंत मी इथून हलत नाही."

"अन् न्हाई काढली तर?"

"तर मी इथंच भीत उभा राहीन."

मफलरवाला हसला. पण टोपलंवाला हसला नाही. तो वयानं मोठा होता. त्यानं एकदा पाणवठ्याच्या वाटेकडं पाहिलं, मग पेटीकडं गेला आणि खटका पाडला. मफलरवाला माझ्या हातातल्या वहीकडं बोट करून म्हणाला, "यात आमचं काही लिवायचं न्हाई. लिवलं तर बघा."

सरांनी माझ्या हातून वही घेतली. मी लिहिलेलं शून्य पाहिलं. त्यापुढचं 'धुकं' पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी 'धुकं' हा शब्द एका रेघेनं खोडला आणि त्यांच्या समोर, त्यांना दिसेल असं, लिहिलं: 'पाण्यात वीज सोडलेली. वंचक एक, मेलेला.' अक्षरं ओळीवर राहिली नाहीत. सहाव्या रकान्यात त्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'सूर्यवंशी.'

वर रस्त्याला लागल्यावर वहिनींना फोन. "निघालो." आवाज अगदी नेहमीचा.

मी दोन दिवस तापानं पडलो. तिसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो तेव्हा कळलं, सरांनी त्या भागातल्या लाईनमनला गाठून सगळं सांगितलं होतं. लाईनमन त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं ती मोटारीची पेटी तिथून हलवायला लावली आणि उघडी वायर कापून नेली.

आठवडा गेला असेल. लोह्याच्या बसस्टँडवर आम्ही नांदेडच्या गाडीची वाट बघत होतो. मफलरवाला मोटारसायकल लावून आमच्याजवळ आला. अगदी अदबीनं, हसून म्हणाला, "सर, नांदेडला कुठं राहता तुमी? न्हाई, कधी आलो तर भेटता येईल."

मी डोळ्यांनी सरांना खुणावत होतो, सांगू नका, काहीतरी खोटं सांगा. सरांच्या कपाळावर घाम होता. आणि त्यांनी त्याला कॉलनी, गल्ली, घराचा रंग, दारातलं पारिजातकाचं झाड, सगळं सांगितलं. वर म्हणाले, "या चहाला. रविवार सोडून या. दुसरा रविवार तर नकोच, तेव्हा मी तलावावर असतो."

तो गेल्यावर मी म्हणालो, "सर, हे काय केलं तुम्ही?"

"खोटं सांगितलं असतं तर ते पाठ ठेवायची आणखी एक भीती," सर म्हणाले. "आहेत तेवढ्या पुरे."

तो माणूस चहाला कधी आला नाही. पण पुढं वर्षभर दुसऱ्या रविवारी भिंतीवर त्याची मोटारसायकल उभी दिसायची. नुसती उभी. तो दूर बसून आमच्याकडं बघत राहायचा. मला सकाळपासून अन्न गोड लागायचं नाही. पुढच्या महिन्यालाच मी सरांना म्हटलं होतं, "आता राहू द्या, सर. नका जाऊ."

"का?"

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण भ्यालो म्हणजे जायचं नाही, असं कुठं आहे? भ्यालो म्हणजे जपून जायचं." आणि त्यांनी काठी उचलली.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेताना त्यांनी आधी मंडपाच्या खांबांकडं पाहून घेतलं. माझ्या हातात त्यांनी जुन्या वह्यांचा गठ्ठा दिला, वेळूची काठी दिली आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, "तीन म्हणजे काय?"

"आहात तिथं थांबा."

"हां."

आता दुसऱ्या रविवारी मी जातो. पोरं घेऊन जातो. ती मला हसतात, आणि मी हसू देतो.

मागच्या हिवाळ्यात वहिनींचा फोन आला. सर तलावावर जायचं म्हणतायत, एकदा घेऊन जाल का? मी म्हटलं, कधीही. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगते. ते आता पहिल्यासारखे नाहीत. विसरतात. नावं विसरतात, वार विसरतात, त्याचं काही नाही. पण हल्ली ते कशालाच भीत नाहीत हो."

ऐकताना मला हे एवढं कळलं नव्हतं. गवळणवाडीला भिंतीवर पोचलो तेव्हा कळलं. पांढऱ्या कुत्र्याचंच कुठलंतरी पिल्लू आता मोठं होऊन तिथं राज्य करतं. ते गुरगुरत आडवं आलं. सर सरळ त्याच्यापाशी गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काय रे?" मी जागच्या जागी गार पडलो. ज्यांनी जन्मभर कुत्र्याला तुम्ही म्हटलं त्यांच्या तोंडून 'काय रे'. कुत्रंही गोंधळून बाजूला झालं.

सर पुढं चालले होते. ताठ. मी त्यांना इतकं ताठ चालताना कधी पाहिलं नव्हतं. खांदे मोकळे, मान वर, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. उतारावरून ते फाट्याकडं उतरले, चपला काढल्या आणि पाण्याकडं निघाले. न थांबता. दहा मिनिटं सोडा, दहा पळंही नाही. मी समोर पाहिलं. फाटा रिकामा होता. एक पक्षी नाही.

वायर आता नाही, हे मला माहीत होतं. पेटी हलवलीय, हे माहीत होतं. तरी सर्वांगाला दरदरून घाम फुटला. हाक मारून ते थांबतील असं वाटेना. मी शिट्टी तोंडात घेतली आणि तीनदा फुंकली.

सर थांबले. एक पाय उचललेला, तो तसाच.

मी धावत जाऊन त्यांना धरलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझे हात कापत होते ते पाहिले, आणि फार मायेनं विचारलं, "काय झालं हो तुम्हाला?"

"सर, पाणी रिकामं आहे."

त्यांनी पाण्याकडं पाहिलं. "किती छान आहे," म्हणाले. "अगदी शांत."

मी त्यांचं मनगट धरून दहा मिनिटं उभा राहिलो. ते कंटाळलेल्या पोरासारखे इकडं-तिकडं बघत होते. शेवटी ससाणा गवतावरून उडून गेला, आणि मागोमाग लांब कुठंतरी एक टिबुकली बुडी मारून वर आली. तेव्हा कुठं माझा श्वास सुटला. मी वही काढून शून्य लिहिलं, त्यापुढं 'ससाणा' लिहिलं. सर वाकून बघत होते. सहाव्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं काय लिहितात?"

मी म्हणालो, "काही नाही सर. ज्याचं त्याचं."

वर रस्त्यावर आल्यावर वहिनींना फोन मीच केला. "निघालो." पलीकडून नुसता एक मोठा सुस्कारा.

नांदेडला सरांच्या कॉलनीसमोरचा रस्ता आता चौपट रुंद झालाय. दुपारची वेळ, ट्रक, टमटम, दुचाक्या, सगळं अंगावर येणारं. मी गाडी अलीकडं लावली आणि त्यांच्या बाजूचं दार उघडायला वळसा घालून गेलो. तेवढ्यात सर दुसऱ्या दारानं उतरून चालूही लागले होते. उजवीकडं नाही, डावीकडं नाही, वर नाही. सरळ समोर. पलीकडं फाटकात वहिनी उभ्या होत्या, पदर तोंडात धरून.

शिट्टी माझ्या तोंडात होती. दोरी ताणलेली, छाती भरलेली. फुंकणार, तोच आठवलं. तीन शिट्ट्या म्हणजे आहात तिथं थांबा. पुढं नाही, मागं नाही. बाकी सगळं ते विसरले होते, हे मात्र विसरले नव्हते. वाजवली असती तर ते रस्त्याच्या मधोमध, एक पाय उचलून, उभे राहिले असते.

ब्रेक करकचले. कुणीतरी शिवी हासडली. सर चालत राहिले, मान वर, हात मोकळे. मी शिट्टी दातांत धरून उभा होतो, आणि माझ्या दोन्ही टाचा एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या.